तक्रार बाहेर, जाब घरात

२२ जून १९४६ रोजी हिंदुस्थान सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना एक पत्र पाठवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना तिथलं सरकार ज्या रीतीनं वागवतं, तो विषय आमसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, एवढीच त्यात मागणी होती. पत्र पाठवणारं सरकार व्हाइसरॉयचं होतं. देश स्वतंत्र व्हायला अजून वर्षाहून अधिक काळ होता. एका गुलाम देशानं त्याच साम्राज्यातल्या एका स्वयंशासित देशाला जगाच्या चावडीवर खेचलं होतं. वंशभेदाबद्दल एका सरकारनं दुसऱ्या सरकारविरुद्ध आमसभेपुढं नेलेली ही पहिली तक्रार.

शाळेच्या पुस्तकात ही हकीकत आली तर एका ओळीत येते, आणि ती ओळ विजयालक्ष्मी पंडित यांच्या भाषणाची असते. पण त्या भाषणामागं छत्तीस वर्षांची प्रश्नोत्तरं होती. कलकत्त्याच्या आणि मग दिल्लीच्या कायदेमंडळात सभासद उठत होते, विचारत होते, सरकार टोलवत होतं, ते पुन्हा विचारत होते. या संग्रहात ती प्रश्नोत्तरं, ठराव आणि त्यांवरची टिपणं एकत्र केली आहेत. बाहेरच्या सरकारविरुद्धची तक्रार कशी जन्माला येते, हे त्यांतून दिसावं असा हेतू आहे. दुसराही एक हेतू आहे: तक्रार करणाऱ्या सरकारला त्याच्याच सभागृहात कोणते प्रश्न विचारले गेले, आणि कोणते विचारायचे राहून गेले, हेही दिसावं.

हा विषय करंजासारख्या मच्छीमार गावात बसून कशाला, असं कुणी विचारेल. इथल्या धक्क्यावर हा विषय पुस्तकी नाही. समुद्रावर हद्दीची रेघ कुणी आखलेली नसते; गुजरातच्या बोटींवर कामाला जाणारे पालघर-डहाणूकडचे खलाशी पाकिस्तानच्या हाती लागतात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातला एक खलाशी मारला गेला. दिल्लीनं पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला. धक्क्यावर विचारतात, ‘मग केस का नाही केली?’ उत्तर द्यायचं तर १९४६ पासून सुरुवात करावी लागते. शिवाय कोकण आणि दक्षिण आफ्रिका यांचं नातं जुनं आहे. केपटाउनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे, आणि त्यांची मूळ गावं आपल्याच रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीतली.

आधी प्रश्नाचीच गोष्ट. सरकारला प्रश्न विचारता येतो, ही सवय आपल्याकडं फार जुनी नाही. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण आगाऊ सूचना देऊन, आणि उत्तर आलं की गप्प बसायचं. उपप्रश्न नाही. मोर्ले-मिंटो सुधारणांनी १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा दिली, आणि १९१९ नंतर ती सगळ्यांना मिळाली. उपप्रश्न हीच प्रश्नाची खरी धार. पहिलं उत्तर कारकुनानं लिहिलेलं असतं, दुसरं मंत्र्याला उभ्या उभ्या द्यावं लागतं.

या नव्या मुभेचा आणि ठराव मांडायच्या हक्काचा पहिला मोठा उपयोग गोपाळ कृष्ण गोखले यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी केला. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून गिरमिटी मजूर जात होते. पाच वर्षांचा करार संपला आणि मजूर तिथंच राहिला, तर माणशी तीन पौंडांचा कर. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळसाठीची मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारनं तो स्वीकारला, आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. म्हणजे जाब विचारायचा दुसऱ्या सरकारला, पण हात घालायचा आपल्या सरकारच्या ताब्यातल्या गोष्टीला. मजूर आपण पाठवतो ना? मग पाठवणं थांबवा. ४ मार्च १९१२ ला त्यांनी गिरमिटपद्धत सगळीकडूनच बंद करा असा ठराव आणला. तो सरकारी बहुमतानं पडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते केपटाउनला उतरले. पुढच्या वर्षी आफ्रिकेत गांधींचा लढा पेटला, तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंज यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती दाखवली. लंडन आणि प्रिटोरिया दोन्हीकडं त्याचा संताप झाला. साम्राज्याचा एक नोकर साम्राज्याच्याच दुसऱ्या सरकारवर बोलला, हे तेव्हा अघटित होतं. गोखल्यांनी आधी तीन वर्षं जमीन नांगरली नसती तर ते भाषण झालं असतं, असं मला वाटत नाही.

दोन सरकारांतला १९२७ चा केपटाउन करार, श्रीनिवास शास्त्री यांची तिथं हिंदुस्थान सरकारचे एजंट म्हणून नेमणूक, हा मधला काळ मी इथं भराभर ओलांडतो. संग्रहात त्यावर पुरेसं आहे. चाळिशीच्या दशकाकडं मात्र मराठी वाचकानं नीट बघावं. परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं १९४१ मध्ये वेगळं झालं आणि यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्याचे सभासद झाले. गांधीजींच्या उपवासाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. आणि दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून गेले अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. विदर्भातली ही तीन माणसं, तिघंही मुरलेले कायदेमंडळवाले.

१९४३ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं ट्रान्सवाल आणि नाताळमध्ये हिंदी लोकांच्या जमीनखरेदीला खीळ घातली. दिल्लीच्या असेंब्लीत त्यावर गदारोळ झाला. हिंदुस्थाननं जशास तसं वागण्याचा कायदा त्याच वर्षी केला आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकांना लावला. हिंदुस्थानात असे गोरे आफ्रिकन मुळात मूठभर. त्यामुळं कायद्याचा दणका आवाजापुरताच होता. तिथले पंतप्रधान स्मट्स यांचं सरकार १९४६ मध्ये पुढचा कायदा घेऊन आलं. त्यात हिंदी लोकांनी जमीन कुठं घ्यावी याची हद्द आखली होती, आणि वर उदारपणा म्हणून संसदेत प्रतिनिधित्व दिलं होतं. मात्र हिंदी मतदारांनी निवडून द्यायचे प्रतिनिधी गोरेच असणार! तिथल्या हिंदी लोकांचं शिष्टमंडळ मार्चमध्ये दिल्लीला येऊन व्हाइसरॉय वेव्हेल यांना भेटलं. त्यानंतर खरे यांच्या खात्यानं एकामागून एक पावलं उचलली. व्यापारी करार मोडण्याची नोटीस गेली, हायकमिशनर देशमुख यांना परत बोलावलं, जुलैपासून व्यापार बंद झाला. तागाच्या गोण्यांसाठी आफ्रिकेचे शेतकरी कलकत्त्याच्या तोंडाकडं बघत असत, तेव्हा ही बंदी नुसती कागदी नव्हती. १३ जूनला डर्बनमध्ये डॉ. युसूफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, आणि नऊ दिवसांनी ते पत्र न्यूयॉर्कला गेलं.

ऑक्टोबरात आमसभा भरली तोवर खरे यांचं मंडळ गेलं होतं आणि नेहरूंचं अंतरिम सरकार आलं होतं. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. सासरकडून त्या कोकणच्या, कारण रणजित पंडितांचं घराणं मूळ बांबुळीचं. कायद्याची बाजू मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी लढवली. समोर खुद्द स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना, जिच्यात मानवी हक्कांवरच्या श्रद्धेचा उच्चार आहे, तिचा मसुदा ज्यांच्या लेखणीतून उतरला तेच हे स्मट्स. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हा आमचा घरचा मामला, सनदेच्या दुसऱ्या कलमाचं सातवं उपकलम बघा, आणि शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या. हिंदुस्थाननं सांगितलं की दोन सरकारांत करार झालेले असताना मामला घरचा राहत नाही, आणि सनद मान्य केल्यावर तर मुळीच नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव मंजूर झाला. बाजूनं ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. ब्रिटन आणि अमेरिका विरुद्ध गेले. दोन तृतीयांश मतांचा उंबरठा हिंदुस्थाननं ओलांडला, पण स्मट्सनं ठराव पाळला नाही, आणि पुढच्या वर्षी तेवढी मतंही जमली नाहीत.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. तिथंच थांबायचं असतं तर हा संग्रह काढायची गरज नव्हती.

जून १९४६ मध्ये ज्या कार्यकारी मंडळाच्या सरकारनं ती तक्रार पाठवली, त्याच मंडळात मजूर खात्याचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत होते. अमेरिकेतल्या ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’नं त्याच सुमारास तिथल्या काळ्या लोकांची कैफियत संयुक्त राष्ट्रांकडं नेली होती. आंबेडकरांनी त्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांनीही तसंच पाऊल उचलावं असा विचार चालला असल्याचं कळवलं. डुबॉइस यांचं उत्तर ३१ जुलै १९४६ चं आहे. आंबेडकर तोवर मंडळातून बाहेर पडले होते, आणि पुण्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा सत्याग्रह सुरू होता. म्हणजे एका सरकारनं दुसऱ्याविरुद्ध दाद मागितली, त्याच सुमारास त्या सरकारातला एक मंत्री आपल्याच देशातल्या माणसांसाठी तोच दरवाजा ठोठावायचा विचार करत होता.

तो दरवाजा त्यांच्यासाठी उघडणार नव्हता. आमसभेपुढं तक्रार आणता येते ती सरकारला. ज्यांची तक्रार सरकारविरुद्धच आहे त्यांनी काय करायचं? त्यांच्या हाती उरतो सभागृहातला प्रश्न आणि कोर्टातला दावा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, आपल्याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातला. त्या तळ्यावरचा हक्क हायकोर्टानं मान्य केला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं. डर्बनच्या हिंदी माणसाला कुठं राहता येतं यावर दिल्लीच्या असेंब्लीत जितक्या तळमळीनं बोललं गेलं, तितक्या तळमळीनं महाडच्या माणसाला कुठलं पाणी पिता येतं यावर बोललं गेलं का? संग्रहातली पानं वाचून ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत ‘नाही’ असं आहे. पंडितबाईंची गोष्टही याला जोडूनच. जानेवारी १९४४ मध्ये रणजित पंडित वारले, मुलगा नव्हता, आणि त्या वेळच्या हिंदू कायद्यामुळं सासरच्या मिळकतीतल्या हक्कासाठी या बाईंना झगडावं लागलं होतं. समतेची वकिली करायला त्या न्यूयॉर्कला निघाल्या, तेव्हा हा झगडा ताजा होता.

आणि डॉ. खरे? त्यांचं नाव या हकीकतीतून जवळजवळ पुसलं गेलं आहे. त्याला त्यांचा पुढचा प्रवास बराचसा कारण आहे. १९४७ मध्ये ते अलवार संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी तिथं मेव मुसलमानांची जी कत्तल आणि हकालपट्टी झाली, तिच्यात संस्थानाच्या फौजेचा हात होता, हे इतिहासकारांनी नोंदवलं आहे. वंशभेदाविरुद्ध पहिली तक्रार ज्या मंत्र्याच्या खात्यातून गेली, त्याच्याच कारभारात वर्षभरानं हे घडलं. म्हणून १९४६ चं श्रेय त्यांना नाकारायचं का? मी नाकारणार नाही. पण त्या श्रेयाच्या शेजारी अलवार लिहिल्याशिवाय ते देणारही नाही. अलवारच्या दरबारात उठून उपप्रश्न विचारणारा कुणी नव्हता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता धक्क्यावरच्या प्रश्नाकडं. पाकिस्तानविरुद्ध केस का नाही? आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुणीही कुणालाही खेचू शकत नाही, दोन्ही बाजूंनी आधी मान्यता दिलेली लागते. भारतानं मान्यता देताना राष्ट्रकुलातल्या देशांबरोबरचे वाद वगळून ठेवले. १९९९ मध्ये कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं गेलं, पाकिस्ताननं हेगला धाव घेतली, आणि २१ जून २००० ला न्यायालयानं याच अटीवर बोट ठेवून दावा ऐकायचं नाकारलं. तो निकाल आपल्याकडं विजय म्हणून वाचला गेला. पण बंद दार दोन्हीकडून बंद असतं. साम्राज्यातल्या भावंडाला १९४६ मध्ये जगापुढं उभं करणाऱ्या देशानंच हे दार लावून घेतलं आहे, आणि पालघरच्या खलाशाला त्याच दारावर धडकावं लागतं.

पाकिस्ताननं हेरगिरीच्या आरोपावरून पकडलेले कुलभूषण जाधव यांच्या वेळी एक फट सापडली ती व्हिएन्नाच्या वाणिज्य-दूतविषयक करारातून. १० एप्रिल २०१७ ला फाशीची शिक्षा जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना दोन्ही सभागृहांत निवेदन करावं लागलं. ८ मे रोजी दावा दाखल झाला. हरीश साळव्यांनी एक रुपया फी घेतली, हे सगळ्यांना पाठ आहे. निकाल मात्र थोड्यांनीच वाचला. १७ जुलै २०१९ ला न्यायालयानं पंधरा विरुद्ध एक असा कौल दिला: दूताला भेटू न देणं बेकायदा, शिक्षेचा फेरविचार करा. नागरी हक्कांच्या करारावर आधारलेलं भारताचं म्हणणं मात्र आपल्या कक्षेबाहेरचं ठरवलं. म्हणजे मानवी हक्कांची गोष्ट दूतावासाच्या कलमातून आत न्यावी लागली, आणि तेवढीच आत गेली. २५ डिसेंबर २०१७ च्या भेटीत जाधवांच्या आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, मंगळसूत्र उतरवायला लावलं, हे परराष्ट्रमंत्र्यांनी २८ डिसेंबरला संसदेतल्या निवेदनात सांगितलं. हेगच्या निकालात त्या मंगळसूत्राला जागा नाही. संसदेच्या नोंदीत आहे.

आयर्लंडचंही थोडं असंच झालं. उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांच्या छळाबद्दल आयर्लंडनं डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिटनविरुद्ध युरोपीय मानवी हक्क यंत्रणेकडं तक्रार केली. न्यायालयाचा निकाल जानेवारी १९७८ चा: वागणूक अमानुष, पण छळ नव्हे. मात्र तक्रार ज्यांच्याबद्दल होती त्या चौकशीच्या पाच पद्धती यापुढं वापरल्या जाणार नाहीत, हे पंतप्रधान हीथ यांनी २ मार्च १९७२ लाच सांगून टाकलं होतं. सांगितलं कुठं, तर स्वतःच्या पार्लमेंटमध्ये.

लोकसभेतले आजचे प्रश्न वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. तारांकित प्रश्नाचं उत्तर तोंडी मिळतं आणि उपप्रश्न निघतात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं आणि तिथंच संपतं. मित्रदेशाबद्दल अनादरानं बोलणारा प्रश्न नियमानं स्वीकारला जात नाही. कोर्टात असलेल्या बाबीवरचाही नाही. परराष्ट्र खातं या दोन्ही कुंपणांच्या आत आरामात राहतं. मच्छीमारांबद्दलचं उत्तर तर जवळजवळ छापील असतं: २००८ च्या कराराप्रमाणे दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, सुटकेसाठी पाठपुरावा चालू आहे. यातलं खोटं काहीच नाही. पण शिक्षा भोगून झालेले किती, बोटींचं काय झालं, मागं राहिलेल्या घराला कुणी काय दिलं, आणि आपल्या तुरुंगातल्या पाकिस्तानी कोळ्यांचं काय, हे वेगळं आणि पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. शेवटचा प्रश्न बहुतेकांना आवडत नाही. मला तो सगळ्यात कामाचा वाटतो, कारण आपल्या खलाशांच्या सुटकेची किल्ली अनेकदा तिथंच असते.

इथल्या वाचकाला सरकारनं झाडलेल्या गोळ्या ठाऊक नाहीत असं नाही. २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावरचा गोळीबार परक्या सरकारचा; जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर जासई-नवघरच्या बाजूला झालेला गोळीबार आपल्या सरकारचा. दोन्हींत माणसं मेली. म्हणून संग्रहाच्या अखेरच्या भागात फक्त परदेशांबद्दलची प्रश्नोत्तरं घेतलेली नाहीत.

त्या भागात डर्बन पुन्हा येतं. ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची वंशभेदविरोधी जागतिक परिषद तिथंच भरली. भारतातल्या दलित संघटनांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येनं गेले आणि जातिभेदाचा विषय जाहीरनाम्यात घ्या म्हणाले. भारत सरकारच्या वतीनं परराष्ट्र राज्यमंत्री उमर अब्दुल्ला यांनी सांगितलं की जात म्हणजे वंश नव्हे, या परिषदेत तिला जागा नाही. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं मात्र सरकारची री ओढली नाही. नाव काहीही द्या, भेदभावाची चर्चा व्हायला हवी, असा त्याचा सूर होता. स्मट्सचं १९४६ चं भाषण आणि २००१ चं सरकारी निवेदन मुद्दाम पाठोपाठ लावली आहेत. वाचकानं ती एका बैठकीत वाचावी. मधल्या टिपा नंतर पाहिल्या तरी चालतील.

करंजा (उरण)